शेपूट वर, मग जेवण

लेकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आमचा जावई एकदाही माझ्या बोटीत बसला नाही. त्याचं घर खाडीच्या पलीकडे. बोटीने आलं तर वीस मिनिटं, पुलावरून बसने आलं तर दीड तास, त्यातही मधे एक बस बदलायची. लेक आणि नात बोटीने येतात आणि हा गृहस्थ बसने. आम्ही जेवून उठलो की हा दारात. विचारलं तर म्हणतो, बसचं बरं पडतं. काय बरं पडतं ते सांगत नाही. अख्खी खाडी माझ्या बोटीतून ये-जा करते. शाळेतल्या बाई, टपालवाला, दवाखान्यातली नर्स, एकदा तर हार घातलेली नवरी सुद्धा नेली मी. आणि माझा सख्खा जावई तेवढा पुलावरून. लोक विचारायचे, तुमचे जावई बोटीत का बसत नाहीत हो? मी म्हणायचे, त्यांच्याकडे वेळ फार आहे.

तोंडावर मी त्याला जावईबापू म्हणते, अहो-जाहो करते. मनात अरे-तुरे. मनाला कोण विचारतं?

कामाला तो वाईट नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते. लिफ्ट दुरुस्त करतो. उंच इमारतींच्या त्या अंधाऱ्या पोकळीत दिवसभर एकटा तारांच्या संगतीत असतो, आणि माणसांत आला की तोंडाला कुलूप. दोनच शब्द येतात त्याला, "बघतो" आणि "बरं". लग्न ठरवताना मी लेकीला म्हटलं होतं, अगं, या माणसाशी तू भांडणार कशी? ती म्हणाली, "तुझ्याकडे येऊन भांडत जाईन." तेवढा शब्द मात्र तिने पाळला.

आता बोटीचं सांगते. बोट ह्यांनी घेतली तेव्हाच जुनी होती. घेतली आणि दोन वर्षांत हे गेले. तेव्हापासून सव्वीस वर्षं चाक माझ्या हातात आहे. हिचं इंजिन पोटात असतं, मागच्या बाजूला झाकणाखाली. तिथून एक दांडा मागच्या भिंतीतून बाहेर जातो, आणि बाहेर पाण्यात लटकतं ते शेपूट. शेपटाच्या टोकाला पंखा. चाक फिरवलं की शेपूट डावी-उजवीकडे वळतं, बटण दाबलं की वर उचलतं. कागदावर त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे. आमच्या घरात ते शेपूटच.

आणि घरात नियम होता: संध्याकाळी बोट बांधली की शेपूट पाण्याबाहेर उचलून ठेवायचं, नाहीतर त्याला शिंपले धरतात. ह्यांचाच नियम, आधीच्या छोट्या बोटीपासूनचा. "शेपूट वर, मग जेवण." हे गेले, नियम राहिला. अंगात ताप असला, बाहेर वादळ असलं, तरी मी एक दिवस चुकवला नाही. थोरला एकदा विसरला तर त्याला भरल्या ताटावरून उठवून धक्क्यावर पाठवला होता. आज त्याला दोन मुलं आहेत, पण अजून जेवायला बसताना एकदा खिडकीतून बोटीकडे बघतो.

यंदा ते शेपूट कण्हायला लागलं. सरळ चाललं की गप्प, वळवलं की कर्रकर्र. त्यात रोज सकाळी बोटीच्या तळात तांब्या-दोन तांबे पाणी. धक्क्यावर एक मेकॅनिक आहे, त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो हात न लावता इंजिन मेलेलं ठरवतो. त्याने काठावरूनच मान हलवली. म्हणाला, शेपूट गेलं, या जातीचे भाग येणं बंद झालं, बोट भंगारात द्या आणि मागे टांगायच्या इंजिनाची नवी घ्या. थोरल्याला ते पटलं. नव्या बोटीची त्याची तयारीही होती. चांगला आहे माझा थोरला, पण चांगल्या माणसाला दुसऱ्याचं कुठे दुखतं ते पटकन दिसत नाही.

कारण माझा परवाना जुना. ह्यांच्यामागे मला या एका बोटीपुरता मिळालेला. नवी बोट म्हणजे नवा परवाना, आणि नव्या परवान्याला लेखी परीक्षा. मी दुसरी पास. सही करते, पाट्या वाचते, भरती-ओहोटीचा तक्ता तर पाठच आहे. पण चार पानं लिहायची म्हटली तर त्यापेक्षा मी खाडी पोहून पलीकडे जाईन. तपासणीचे साहेब बुधवारी सकाळी दहाला यायचे होते. बोट नापास झाली तर नोंदीतून जाणार, आणि ती उतरली की मीही उतरले. थोरला म्हणाला, आई, पुरे झालं, आता आराम कर. आराम कसा करतात ते मला कोणी शिकवलं नाही, आणि या वयात शिकायची इच्छाही नाही.

बोट रॅम्पवर ओढून गाडीवर ठेवली आणि मी तिच्याकडे पाठ करून बसले. लेकीने काय ते बघितलं आणि नवऱ्याला फोन केला.

गुरुवारी आला तो. बसने, अर्थात. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात डबा, कारण माझ्या घरी यायचं म्हणजे उशीर होणार हे त्याला माहीत. चहा घेतला, कप स्वतः धुतला आणि खाली गेला. लेकीला त्याने चाकाशी बसवलं. स्वतः शेपटाखाली उकिडवा बसला, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक शेपटाला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि दुसऱ्या हाताने पंखा हळूहळू फिरवत राहिला. लेकीने चाक डावीकडे घ्यायचं, मग उजवीकडे, मग मधे. असं तासभर. धक्क्यावर माणसं जमली. डॉक्टर म्हणाला, नाडी लागते का बघा. लोक हसले. हा हसला नाही आणि रागावलाही नाही, त्याला ते ऐकूच गेलं नव्हतं. माणूस ऐकत असला की कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं. नाहीतर आमच्या घरात बोलणारेच सगळे.

मग तो उठला आणि मला विचारलं, "आई, बोट बांधल्यावर शेपूट वर ठेवता की खाली?"

मी सगळ्यांच्या देखत ताठ मानेने सांगितलं, वर. सव्वीस वर्षं, एक दिवस चुकला नाही.

तो शेपटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

मला राग आला. सव्वीस वर्षांच्या शिस्तीला बरं? निदान शाबास तरी म्हणावं माणसाने.

शुक्रवारी त्याने माझ्याकडे जुनी चादर मागितली. मी दिली ती तशी चांगलीच होती, नाही म्हणायला माझा कमीपणा झाला असता. चादर रॅम्पवर पसरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पेन्सिलने तिच्यावर शेपटाचं चित्र काढलं, मोठंच्या मोठं. जो नट जिथून निघेल तो चित्रात त्याच जागी ठेवायचा. केबल सोडायच्या आधी लेकीच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा एकीला, निळा दुसरीला. मला अक्षरं जड जातात, पण ती चादर मी एका नजरेत वाचली. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं आणि सगळं लिहिलेलं होतं.

शेपूट मागच्या भिंतीला सहा नटांनी धरलेलं असतं. चार सुटले, दोन हटून बसले. डॉक्टर ग्राइंडर घेऊन आला, कापून टाकू म्हणाला. जावई म्हणाला, बघतो. नटांना तेल पाजलं, छोट्या हातोडीने टकटक केलं, जरा गरम केलं, परत तेल, आणि मग बसून राहिला. तासाने परत तेच. दुपारी चारच्या सुमारास पहिला नट सुताएवढा हलला. मला वाटलं आता हा जोर लावेल. तर त्याने तो उलट आवळला. मग परत सोडला, परत थोडा आवळला. रुसलेल्या माणसाला असंच घरात आणतात, दोन पावलं पुढे आणि एक मागे. मी तीन पोरं वाढवली आणि एकालाही इतक्या धीराने हाताळलं नसेल. सहाच्या सहा नट शाबूत निघाले, एकाचाही आटा गेला नाही. डॉक्टर ग्राइंडर घेऊन घरी गेला.

थोरला आणि जावई दोघांनी मिळून शेपूट मागे ओढलं. आतून गंजकं पाणी भडाभडा आलं, विटकरी रंगाचं. तो बाहेर जाणारा दांडा ज्या कड्यात फिरतो ते बेअरिंग पार खाल्लेलं. जावयाने मला जवळ बोलावलं आणि हाताचं बोट आत घालून फिरवून बघा म्हणाला. फिरवलं तर जात्यात खडे पडल्यासारखं लागलं. आणि दांड्यावर एक रबराची बाही असते, घड्याघड्यांची, पाणी आत येऊ नये म्हणून. ती फाटलेली. तिथून पाणी आत, पाण्याने बेअरिंग खाल्लं, बेअरिंगने आवाज केला. एवढं सगळं त्याने बाहेरून, कान लावून ओळखलं होतं.

डॉक्टर शनिवारी परत आला तेव्हा म्हणाला, रबर हल्ली वाईटच येतं. हेच तो दहा वर्षांपूर्वी बाही बदलताना म्हणाला होता, आणि त्याच्या आधीच्या वेळीही. आणि आता ती बाही मिळणारच नाही, असंही म्हणाला. जावई माझ्या पायरीवर फोन घेऊन बसला. सात ठिकाणी नाही म्हणाले. सातही जणांशी तो त्याच आवाजात बोलला, सातव्यालाही पहिल्यासारखाच. मी असते तर तिसऱ्याचा उद्धार केला असता. आठव्याकडे बेअरिंगही होतं आणि बाहीही. मिळत नाही म्हणजे डॉक्टरने शोधलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

सामान सोमवारी बसने आलं. दुपारी मी मटार काढायला फ्रीजर उघडला तर आत कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड. बेअरिंग. मी लेकीला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला सांग, माझा फ्रीजर म्हणजे गॅरेज नाही. ती म्हणाली, आई, थंडीने लोखंड आकसतं, मग ते जागेत सहज जातं. हे तिला कोणी सांगितलं? नवऱ्याने. म्हणजे घरी बोलतो तर. मटार मी खालच्या कप्प्यात ठेवले.

बेअरिंग बसवायला त्याने लांब बोल्ट आणि दोन जाड पट्ट्या घरून करून आणल्या होत्या. हातोडीचा एकही घाव न घालता, पाना फिरवत फिरवत ते आत ओढलं. शेवटी टक असा एकच आवाज आला, दार नीट लागल्यावर येतो तसा.

खरं काम मी समजत होते ते संपलं होतं. पण खरं काम पुढेच होतं. पोटातलं इंजिन आणि बाहेरचं शेपूट एका सरळ रेषेत नसेल तर नवं बेअरिंगही वर्षात जातं. त्यासाठी त्याने रविवारी आपल्या कारखान्यातल्या लेथवर लोखंडाचा एक गज कातून आणला होता, आरशासारखा गुळगुळीत. तो गज बाहेरून बेअरिंगमधून आत सरकवायचा, इंजिनाच्या तोंडापर्यंत. अडला तर इंजिनाच्या पायाचा नट पाव फेरा फिरवायचा आणि परत बघायचं. मी मोजत होते. अठ्ठावीस वेळा तो मागून रॅम्पवर उतरला, आत बोटीत चढला, परत उतरला. एकोणतिसाव्या वेळी त्याने गज माझ्या हातात दिला.

"तुम्ही बघा. तुमचा हात तीस वर्षं चाकावर आहे."

सव्वीस, मी म्हटलं. पण गज घेतला. दोन बोटांनी ढकलला, तर किंचित खालच्या बाजूला घासल्यासारखा वाटला. सांगितलं. त्याने वाद घातला नाही, आत जाऊन पायाचा नट पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला. परत ढकलला तर सुई मऊ कापडातून जावी तसा गज आत गेला आणि आपोआप थांबला. आमची दोघांची नजरानजर झाली. नऊ वर्षांत जावयाशी माझं पहिलं लांबलचक बोलणं झालं ते हे.

मंगळवारी उजाडताच त्याने नवी बाही चिकटवली. डब्यावर लिहिलं होतं, पूर्ण दिवस सुकू द्या. थोरल्याचा जीव वरखाली. म्हणाला, दुपारी शेपूट चढवू, संध्याकाळी पाण्यात टाकून बघू, उद्या दहाला साहेब येणार, आयत्या वेळी काही निघालं तर? मलाही तेच वाटत होतं. पणाला माझं चाक लागलं होतं. मीही म्हटलं, जावईबापू, अर्धा दिवस पुरेल की.

"नाही."

बघतो नाही, बरं नाही. नाही. सासूला नाही म्हणणारा जावई मी जन्मात पहिल्यांदा बघितला. थोरला माझ्या तोंडाकडे बघत होता, आता काय होतंय म्हणून. काही झालं नाही. मी घरात जाऊन कणीक मळली.

जेवणं झाल्यावर फाटलेली जुनी बाही टेबलावर पडली होती. हाताला काम नव्हतं म्हणून मी ती घेतली. मी कपडे शिवलेत, बाह्या लावल्यात, फाटलेलं बघितलं की कुठून फाटलं हे मी आधी बघते. रबराला सगळीकडे चिरा असत्या तर म्हटलं असतं, म्हातारं झालं. पण चिरा एकाच बाजूला होत्या, खालच्या. वरच्या बाजूच्या घड्या धडधाकट, नुसत्या दबलेल्या. सदऱ्याची बाही कोपरावर फाटते ती अशीच, हात वाकवलेला राहिला की बाहेरची बाजू ताणून. मी ती बाही दोन हातांत धरली आणि शेपूट वर उचलल्यावर होते तशी वाकवली. खालच्या सगळ्या चिरा एकदम उघडल्या.

मी ती सरळ केली. मिटल्या. परत वाकवली. उघडल्या.

आधीच्या छोट्या बोटीला टांगतं इंजिन होतं. त्याला बाही नव्हती. ते उचलून ठेवायचं हे बरोबरच होतं. ह्यांनी बोट बदलली आणि नियम तोच ठेवला, हे गेले आणि मी तो देव्हाऱ्यात बसवला. दिवसभर काम करून बाही थकायची आणि रात्रभर मी तिला ताणून टांगायचे. सव्वीस वर्षं. तीन बाह्या मी फाडल्या, एक दिवस न चुकता.

लेक समोर भांडी पुसत होती. मी विचारलं, त्यांना माहीत होतं? ती ताटच पुसत राहिली. नवऱ्याकडून तेवढं शिकली आहे. मी परत विचारलं तेव्हा तिने फडकं खाली ठेवलं.

"पहिल्या दिवशीच कळलं त्यांना. मला म्हणाले, आईंना आत्ता सांगू नकोस, त्या आजच चावी खिळ्याला लावतील आणि बोट सोडतील. आधी बोट चालू दे, मग मी सांगतो."

मी बाही टेबलावर ठेवली. तो म्हणत होता ते खरं होतं. गुरुवारी मला कळलं असतं की बोट मीच मोडली, तर साहेबाची वाट न बघता मी चावी खिळ्याला लावून टाकली असती, आणि वर सगळ्यांना सांगितलं असतं की मलाच आता कंटाळा आला. माझ्या पोटच्या पोरांना माझा स्वभाव इतका नेमका ठाऊक नाही. त्याने माझ्याही पाठीला बाहेरून कान लावला होता की काय कोण जाणे.

बुधवारी उजाडायला आम्ही सगळे रॅम्पवर. बाही सुकली होती. शेपूट चढवलं. चादरीवरून एकेक नट उचलला गेला, लाल दोरा लाल जागी, निळा निळ्या जागी, आणि शेवटी चादरीवर नुसतं चित्र उरलं. एकही नट उरला नाही आणि एकही कमी पडला नाही. बोट पाण्यात गेली. मी चाकाशी बसले, इंजिन चालू केलं आणि थोरल्याला म्हटलं, सोड दोर.

तेवढ्यात जावई पुढे आला. अंगात नारिंगी जॅकेट घातलेलं, सगळे पट्टे गळ्यापर्यंत आवळलेले, हातात तो स्क्रू-ड्रायव्हर. एक पाय बोटीत ठेवला आणि तसाच थांबला. तोंड पांढरंफटक. लेक माझ्या कानाशी वाकून म्हणाली, आई, ह्यांना पाण्याची फार भीती वाटते, लहानपणी बुडता बुडता वाचलेत. कोणाला सांगू नको म्हणाले होते. तुला तर नाहीच.

नऊ वर्षांच्या बसचा हिशेब मला तिथे एका दमात कळला. मी म्हटलं, जावईबापू, राहू द्या, आवाज आला तर मी सांगते, मला कान आहेत.

"दुरुस्त केलं त्याने आधी बसायचं. लिफ्टमध्ये आम्ही तेच करतो."

आणि दुसरा पाय आत घेतला. इंजिनाच्या झाकणाशेजारी बसला, एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर झाकणाखाली टेकवून मूठ कानाला लावली. मी मनात ठरवलं, हळू न्यायची, पाणी सुद्धा हलू द्यायचं नाही. खाडीच्या मध्यावर आलो. मी चाक जरासं वळवलं. तो डोळे मिटूनच म्हणाला, जोरात वळवा, पूर्ण. हळू वळवून काय कळणार?

मग मी माझ्या पद्धतीने वळवली. पूर्ण डावीकडे, बोट कलली, पाणी कठड्याला आलं. पूर्ण उजवीकडे. परत डावीकडे. इंजिनाचा आवाज होता, पाण्याचा होता, आणि शेपटाचा काहीही नव्हता. मी सव्वीस वर्षांत ती बोट इतकी गप्प कधी ऐकली नव्हती. ह्यांच्या वेळीही नाही. कठड्यावरची त्याची बोटं पांढरी पडली होती, पण कानाजवळची मूठ हलली नाही. दहा वळणं झाल्यावर त्याने झाकण उचललं, हात खाली तळापर्यंत घातला आणि वर काढून मला दाखवला. कोरडा. मग तो पलीकडे वाकून ओकला, तोंड पुसलं, आणि म्हणाला, परत एकदा, उजवीकडे.

साहेब दहाला आले. त्यांनीही वळवून बघितली, तळात बॅटरी मारली, मागून शेपूट हलवून बघितलं आणि विचारलं, काम कोणी केलं? डॉक्टर तिथेच उभा होता, त्याने खोकून घेतलं. मी म्हटलं, माझ्या जावयाने. साहेबांनी कागदावर शिक्का मारला. थोरल्याने तो मला वाचून दाखवायला हात पुढे केला. मी म्हटलं, पास मला वाचता येतं.

त्या दिवशी मी सात फेऱ्या केल्या. संध्याकाळी बोट बांधली तेव्हा धक्क्यावर थोरला होता, लेक होती, डॉक्टर घुटमळत होता, आणि जावई बसची वेळ बघत उभा होता. माझा अंगठा सवयीने बटणावर गेला. सगळे बघत होते. जावई माझ्या अंगठ्याकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढून कमरेला लावली आणि शेपूट होतं तिथेच, पाण्यात, खाली ठेवलं. शिंपले धरले तर धरले, महिन्यातून एकदा मी स्वतः खरवडीन.

मग वर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हटलं:

"जावईबापू, तुम्हाला बोलता येत नाही असं नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले. येतं तुम्हाला, माझ्यापुढे तोंड शिवून बसता. तीन बाह्या मी माझ्या हाताने फाडल्या, हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं आणि तुम्ही गिळून बसलात. पुढच्या वेळी चूक माझी असली तर तोंडावर सांगायची, मी काही काचेची नाही. आता दुसरं ऐका, आणि डॉक्टर, तुम्हीही ऐका. या खाडीच्या दोन्ही काठांवर यांच्यासारखा हात नाही, आणि ज्या पाण्याला जन्मभर भ्यायले त्यात माझ्यासाठी बसले, अशी छातीही नाही. चला जेवायला, तुमची बस गेली. शेपूट राहू द्या खाली."